रिचमंडचा गायक आणि त्याची मंडळी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड हे जेम्स नदीच्या काठी वसलेले शहर आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात, गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा कारभार याच शहरातून चालला. आणि त्यापूर्वी कित्येक दशके येथील शॉको बॉटम नावाच्या सखल वस्तीत माणसांचे लिलाव राजरोस होत असत, इतके की देशांतर्गत गुलामांच्या व्यापारात न्यू ऑर्लीन्सच्या खालोखाल या पेठेचा क्रमांक लागे. विक्रीस आणलेल्या स्त्रीपुरुषांना चारचौघांत उभे करून, त्यांचे दंड, दात आणि पाठ पारखून त्यांचा भाव ठरवला जाई. याच वस्तीत रॉबर्ट लम्पकिन नामक व्यापाऱ्याचा तुरुंग होता. युद्ध संपल्यावर १८६७ साली त्याच आवारात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी पाठशाळा भरू लागली आणि तिच्यातूनच पुढे व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ उदयास आले. ज्या शहराच्या दप्तरांत मनुष्यदेहाची किंमत डॉलरांत मांडून ठेवलेली आहे, त्या शहरात ११ फेब्रुवारी १९७४ रोजी मायकेल यूजीन आर्चर याचा जन्म झाला. हाच पुढे डी'अँजेलो या नावाने विख्यात झाला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘निओ सोल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गायनाचा सर्वांत समर्थ प्रतिनिधी ठरला.

आर्चर कुटुंब पेंटेकॉस्टल पंथाचे. वडील धर्मोपदेशक, आजोबाही धर्मोपदेशक. गुलामगिरीतून सुटलेल्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या विल्यम सीमूर या उपदेशकाने १९०६ साली लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटवर ज्या प्रार्थनासभा चालवल्या, त्यांतून या पंथाचा विस्तार झाला. इतर प्रतिष्ठित पंथांच्या मंदिरांत स्तोत्रे पुस्तकात पाहून संथपणे म्हटली जात, तर या सभांत ढोल, खंजिरी, गिटार यांना मुक्तद्वार असे. टाळ्या, पदन्यास, हुंकार आणि अश्रू यांनाही उपासनेत स्थान होते. अशा सभेत ऑर्गन वाजवणाऱ्याचे काम मोठे कौशल्याचे असते. उपदेशकाचा आवाज चढू लागला की त्याने स्वर चढवायचा, उपदेशक थबकला की ती पोकळी दोन सुरांनी भरायची, एखाद्या वृद्धेने हात वर करून पुकारा केला की तिच्या दिशेने वादन वळवायचे. म्हणजे पुढे कागद कोणता आहे याकडे नव्हे, तर समोरची माणसे कोणत्या अवस्थेत आहेत याकडे सर्व लक्ष ठेवायचे. वयाच्या तिसऱ्या वर्षी पियानोवर बोटे ठेवणाऱ्या आणि कोवळ्या वयातच मंडळीच्या उपासनेत साथीला बसू लागलेल्या या मुलाचे खरे शिक्षण येथे झाले. गायक आणि श्रोते असा भेद त्या शिक्षणात नव्हताच. एकाने हाक द्यावी आणि सर्वांनी तिला साद द्यावी, हेच तेथील संगीताचे आद्य सूत्र होते.

डी'अँजेलोचे चरित्र सामान्यतः एका अलौकिक प्रतिभेच्या उदयास्ताची कथा म्हणून सांगितले जाते. त्याच्या कारकीर्दीचे तीन कालखंड जवळजवळ ठेवून पाहिले असता मला त्यात निराळेच सत्य दिसते. हा गायक मंडळीत असताना फुलला, मंडळीपासून तोडून एकटा उभा केला गेला तेव्हा मोडला, आणि मंडळीत परतला तेव्हाच पुन्हा गाऊ शकला. त्याच्या गुणांइतकाच त्याच्या दुःखांचाही उलगडा या एका गोष्टीने होतो.

धर्ममंदिरातील स्वर आणि बाजारातील गीत यांचे भांडण कृष्णवर्णीय अमेरिकेत जुने आहे. रे चार्ल्सने १९५४ साली भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बसवले तेव्हा धर्मनिष्ठांनी कानांवर हात ठेवले. धर्मोपदेशकाचा पुत्र सॅम कुक १९५७ मध्ये भक्तिगीतांचा संघ सोडून लौकिक गायनाकडे वळला तेव्हा त्याच्या जुन्या चाहत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. अरीथा फ्रँकलिन ही उपदेशकाचीच कन्या. ‘सोल’ या नावाने जे संगीत पुढे जगभर गेले, ते या घरभेदातूनच जन्मले. परंतु मार्विन गे या गायकाच्या बाबतीत हे भांडण प्राणघातक ठरले. १ एप्रिल १९८४ रोजी, उपदेशक असलेल्या त्याच्या जन्मदात्यानेच त्याला गोळी घालून ठार केले. त्या वेळी दहा वर्षांचा असलेल्या रिचमंडच्या या मुलाच्या मनावर त्या घटनेचा असा आघात झाला की पुढे दीर्घकाळ मार्विन गे त्याच्या स्वप्नांत येत असे, आणि त्याची गीते कानी पडली की तो अस्वस्थ होत असे, असे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे. सैतानाचे संगीत म्हणून ज्याची निंदा घरच्या वडीलधाऱ्यांनी केली, त्याच संगीताकडे आपण ओढले जात आहोत, ही जाणीव त्याला अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

१९९१ साली तो न्यूयॉर्कमधील हार्लेम येथील अपोलो नाट्यगृहाच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत उतरला. या रंगमंचाची ख्याती अशी की आवडलेल्या गायकाला तेथील प्रेक्षक डोक्यावर घेतात आणि न आवडलेल्याला ओरडून हुसकावून लावतात. त्या परीक्षेत हा सतरा वर्षांचा मुलगा विजयी होऊन गावी परतला, आणि बक्षिसाच्या रकमेतून त्याने चार पदरांचे ध्वनिमुद्रणयंत्र विकत घेतले. आईच्या घरातील खोलीत बसून, एका पदरावर तालयंत्र, दुसऱ्यावर कळफलक, उरलेल्यांवर आपलाच आवाज असे थर रचीत त्याने जी गीते सिद्ध केली, त्यांच्या बळावर ईएमआय या कंपनीने त्याच्याशी करारनामा केला.

त्या वेळच्या लोकप्रिय संगीताची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून या गीतांचे नावीन्य समजणार नाही. १९८० नंतरच्या दशकात तालयंत्रांनी आणि संश्लेषकांनी ध्वनिमुद्रणशाळांचा ताबा घेतला होता. वादकांचा ताफा बाळगणे खर्चिक, यंत्र स्वस्त आणि आज्ञाधारक. त्यामुळे कृष्णवर्णीयांचे प्रेमगीतही चकचकीत, रेखीव आणि काहीसे निर्जीव होत चालले होते. दुसरीकडे हिपहॉपचे तरुण कारागीर सत्तरीच्या दशकातील जुन्या तबकड्यांमधून दोन-चार क्षणांचे तुकडे उचलून त्यांवर आपले पठण रचीत होते. अशा रीतीने वडिलांच्या पिढीचे सोल संगीत मुलांच्या कानी पडत होते खरे, पण तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे ज्या अखंड वस्तूतून आले ती वस्तू आपल्या हातांनी पुन्हा घडवता येईल काय, असा प्रश्न काही तरुणांच्या मनात उभा राहिला. त्या प्रश्नाचे पहिले ठसठशीत उत्तर म्हणजे जुलै १९९५ मध्ये प्रकाशित झालेला डी'अँजेलोचा ‘ब्राउन शुगर’ हा गीतसंग्रह होय. शीर्षकगीताच्या सिद्धतेत ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिपहॉप संघातील अली शहीद मुहम्मद याचा हात होता, ‘लेडी’ या गीतात रफाएल सादिक त्याचा सहकारी होता. पण बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजवली होती. एकविसाव्या वर्षी लाभलेले हे यश लहान नव्हते. संग्रहाच्या दहा लक्षांवर प्रती खपल्या आणि ‘लेडी’ देशाच्या गीतक्रमवारीत पहिल्या दहांत जाऊन बसले.

यश आले म्हणजे त्याला नाव लागते. डी'अँजेलोचा व्यवस्थापक केदार मॅसेनबर्ग, जो पुढे मोटाउन या विख्यात कंपनीचा अध्यक्ष झाला, त्याने या गायनाला ‘निओ सोल’ हे नाव देऊन बाजारात त्याची पेठ मांडली. एप्रिल १९९६ मध्ये गायक मॅक्सवेलचा पहिला संग्रह आला. फेब्रुवारी १९९७ मध्ये टेक्ससच्या डॅलस शहरातील एरिका बाडू ‘बाडूइझम’ घेऊन आली. ऑगस्ट १९९८ मध्ये लॉरिन हिल हिच्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ने अनेक विक्रम मागे टाकले आणि पुढच्या फेब्रुवारीत वर्षातील सर्वोत्तम संग्रहासह पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवली. त्या संग्रहातील एक युगुलगीत डी'अँजेलोने तिच्यासह गायले आहे. जुलै २००० मध्ये फिलाडेल्फियाच्या जिल स्कॉटचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅरोलायनातून आलेली आणि १९७९ पासून पठणसंगीतात वावरलेली अँजी स्टोन ही डी'अँजेलोच्या जीवनातील सहचरी आणि त्याच्या आरंभीच्या गीतांतील सहकारी. तिचाही स्वतंत्र संग्रह १९९९ साली निघाला. यांपैकी बहुतेकांना आपल्याला लावलेले नाव मान्य नव्हते. आपण निओ सोल करतो असे आपण कधी म्हटले नाही, आपण कृष्णवर्णीयांचे संगीत करतो, असे डी'अँजेलोने २०१४ सालच्या एका जाहीर संभाषणात स्पष्ट सांगितले. वाडवडिलांपासून चालत आलेल्या वस्तूला ‘नवी’ म्हटले की ती उद्या जुनी होणार हे ठरूनच जाते, ही त्या सर्वांची भीती रास्त होती.

१९९७ साली ईएमआयने अमेरिकेतील आपली ती शाखा मोडीत काढली आणि डी'अँजेलोचा करार व्हर्जिन कंपनीकडे गेला. दुसऱ्या संग्रहाचा तगादा सुरू झाला होता. परंतु तो आता एकट्याने काम करण्यास तयार नव्हता. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज भागात, आठव्या रस्त्यावर, ‘इलेक्ट्रिक लेडी’ नावाची ध्वनिमुद्रणशाळा आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ती स्वतःसाठी बांधवून घेतली, ऑगस्ट १९७० मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर महिन्याच्या आतच तो वारला. पुढे स्टीव्ही वंडरने आपल्या उमेदीच्या काळातील काही काम येथेच केले. या वास्तूत डी'अँजेलोने सुमारे तीन वर्षे तळ ठोकला. फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’ संघातील तालवादक अमीर थॉम्पसन, ज्याला सारे क्वेस्टलव म्हणतात. कळफलकावर जेम्स पॉयझर. डेट्रॉइटहून आलेला जेम्स यान्सी, म्हणजेच जे डिला. आणि स्वतः डी'अँजेलो, असे चौघे या मेळ्याचे मूळ पुरुष. चौघांचीही जन्मरास कुंभ, म्हणजे इंग्रजीत ‘अक्वेरियस’, म्हणून त्यांनी आपल्या मेळ्याला ‘सोलक्वेरियन्स’ हे नाव घेतले. वेल्समधून आलेला पिनो पॅलाडिनो बास गिटार वाजवी, चार्ली हंटर आठ तारांची गिटार घेऊन बसे, रॉय हारग्रोव्ह ट्रम्पेट फुंकी. एका दालनात डी'अँजेलोचे काम चाले तेव्हा दुसऱ्या दालनात एरिका बाडूचा ‘मामाज गन’ किंवा हिपहॉप कलावंत कॉमनचा ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ घडत असे. वादक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात, आणि एकासाठी सुचलेली चाल दुसऱ्याच्या पदरी पडे.

त्या शाळेतील दिनक्रम कोणत्याही व्यापारी हिशेबात बसणारा नव्हता. मंडळी सायंकाळी जमे. प्रथम जुन्या मैफलींच्या चित्रफिती लावल्या जात. जेम्स ब्राउन, प्रिन्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर, अल ग्रीन यांचे रंगमंचावरील दर्शन सर्वजण शिष्याच्या एकाग्रतेने घेत. मग एखादी जुनी तबकडी संपूर्ण, पहिल्या गीतापासून अखेरच्यापर्यंत, सर्वांनी मिळून वाजवायची; वाजवता वाजवता कोठेतरी वाट फुटे, मूळ गीत मागे पडे आणि नव्या गीताचा अंकुर दिसू लागे. ध्वनिमुद्रक रसेल एलेवाडो दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत अखंड फिरती ठेवी. गणकयंत्रावर मुद्रण करण्याची पद्धत तोवर सर्वत्र रूढ झाली होती, पण एलेवाडो आणि डी'अँजेलो यांचा आग्रह जुन्या फितीचा, जुन्या ध्वनिग्राहकांचा, जुन्या फेंडर ऱ्होड्स पियानोचा. फितीवर चुकलेला सूर सहज पुसता येत नाही. म्हणून खोलीतील प्रत्येकाला दुसऱ्याकडे कान देऊन ऐकावे लागते.

या गीतांच्या लयीविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. डेट्रॉइटचा डिला आपल्या तालयंत्रावर ठेके रचताना यंत्राची बिनचूक वाटणी बंद करून टाकी आणि बोटांनी आघात देई, त्यामुळे एखादा आघात किंचित आधी, एखादा किंचित उशिरा पडे. ती ढिलाई डी'अँजेलोला इतकी भावली की हाडामांसाच्या वादकांनी तशीच वाजवावी असा त्याने आग्रह धरला. घड्याळासारख्या अचूकतेचा अभिमान बाळगणाऱ्या क्वेस्टलवला हे आरंभी फार जड गेले. आयुष्यभर जपलेली शिस्त सोडून मद्यपी माणसाच्या चालीने वाजवायचे, आणि तरीही तोल जाऊ द्यायचा नाही! पॅलाडिनोचा बास तर तालाच्याही मागे राही. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याला मात्रेच्या अंगाने जाऊनही मात्रेवर न उतरण्यातील गोडी ठाऊक असते. समेची ओढ लागावी म्हणूनच गायक सम लांबवतो. या तरुणांची रीत वेगळी, उगम वेगळा, पण तीत तीच ओढ आहे. प्रत्येक वादक आपापल्या जागी थोडा मागे रेललेला, आणि सर्वांचे मिळून जे होते ते मात्र एकसंध. अशी लय एकट्याला साधत नाही. मागे राहायचे तर कोणाच्या मागे, हे ठरवायला दुसरा माणूस लागतो.

गायनातही हेच तत्त्व होते. डी'अँजेलो आपल्याच आवाजाचे अनेक थर एकावर एक चढवी. नाजूक, खालच्या पट्टीत पुटपुटणारे, उंच सुरात तरंगणारे, मध्येच हुंकार देणारे असे कित्येक मायकेल आर्चर एका गीतात एकत्र जमत. शब्द त्यात पुष्कळदा विरघळून जात, आणि ते कळत नाहीत अशी तक्रार समीक्षकांनी केली. पण पेंटेकॉस्टल सभेत बसलेल्याला हे नवखे नाही. भावना पराकोटीला गेली की तेथे शब्द मागेच राहतात आणि सूर पुढे जातो. एका कंठातून त्याने आपल्या बालपणीची सगळी मंडळी उभी केली होती.

‘वूडू’ हा संग्रह जानेवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ३ लक्ष २० हजार प्रती विकल्या गेल्या आणि देशाच्या यादीत तो प्रथम स्थानी विराजमान झाला. पुढील वर्षी त्याला ग्रॅमी पारितोषिक लाभले. अशा हट्टाने, अशा संथपणाने आणि अशा सामूहिक परिश्रमाने घडलेल्या वस्तूला एवढा लोकाश्रय मिळावा, ही त्या पिढीच्या दृष्टीने मोठी सार्थकता होती. आणि नेमक्या याच क्षणी विपरीत घडले.

संग्रहातील ‘अनटायटल्ड’ या गीतासाठी एक चित्रफीत काढण्यात आली. तीत मेळा नाही, वाद्ये नाहीत, श्रोते नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर गायक एकटा उभा, कमरेपर्यंत विवस्त्र. कॅमेरा त्याच्या मुखावरून, मानेवरून, दंडांवरून आणि पोटावरून सावकाश फिरतो. कलाकृती म्हणून तिचे सामर्थ्य नाकारता येत नाही, आणि ती करण्यास त्याने संमती दिली होती हेही खरे. परंतु तिचा परिणाम असा झाला की तीन वर्षे रात्री जागून पंधरा-वीस माणसांनी जे घडवले, त्याची ओळख एका देहावर येऊन थांबली. ‘वूडू’च्या दौऱ्यात ‘सोलट्रॉनिक्स’ हा विलक्षण समर्थ वाद्यमेळ त्याच्या संगे होता. मैफल सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच प्रेक्षकांतून वस्त्रे उतरवण्याचा पुकारा होई. हाकेला साद देण्याच्या शिकवणुकीत वाढलेल्या माणसाला ही हाक ऐकावी लागली. आपण आजच्या रात्रीला योग्य दिसतो की नाही या चिंतेने तो मैफलीपूर्वी तासन्‌तास पडद्याआड अडकून राही, मैफली उशिरा सुरू होत, काही रद्दही झाल्या, असे त्याच्या सोबत्यांनी पुढे सांगितले आहे. ज्याच्या जन्मगावी माणसांना उभे करून त्यांचे दंड आणि पाठ पारखली जात होती, त्याच्या बाबतीत हा प्रकार घडावा, यात मला इतिहासाची एक क्रूर पुनरावृत्ती दिसते. येथे साखळदंड नव्हते, संमती होती, धन होते, टाळ्या होत्या; तरी माणसाचे गुण बाजूला सारून त्याच्या देहाचा भाव करणारी नजर तीच होती.

दौरा संपल्यावर तो व्हर्जिनियास परतला आणि जवळजवळ लोकांच्या दृष्टीआड झाला. एका जिवलग मित्राने आत्महत्या केली. मद्य आणि अमली पदार्थ यांनी त्याला ग्रासले. जानेवारी २००५ मध्ये त्याला अटक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात रिचमंडनजीक त्याची मोटार कुंपणावर आदळून तो गंभीर जखमी झाला. पुढील फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, डिला रक्तविकाराने वारला. सोलक्वेरियन्सचा मेळा तोवर पांगलाच होता. प्रत्येकाच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या, आणि ‘निओ सोल’ हे नावही बाजाराने नव्या मालासाठी जागा करताना बासनात बांधून ठेवले होते. लॉरिन हिलनेही त्या पहिल्या संग्रहानंतर ध्वनिमुद्रणशाळेत दुसरा संपूर्ण संग्रह केला नाही. या कालखंडाविषयी लिहिताना व्यसनाची आणि अटकेची वर्णने रंगवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट, की या अज्ञातवासात तो गिटार शिकला. तिशी ओलांडलेला, देशभर नाव झालेला माणूस नवशिक्यासारखा तारांवर बोटे ठेवीत बसतो, याचा अर्थ त्याच्या ठायीचा विद्यार्थी जिवंत होता.

व्यसनमुक्तीसाठी त्याने उपचार घेतले आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम नगरीत तो पुन्हा रंगमंचावर आला. त्या दौऱ्यात पॅलाडिनो त्याच्या जवळ होता, आणि जून महिन्यात टेनेसीतील बोनारू महोत्सवात क्वेस्टलवही त्याच्या साथीला बसला. जुने सोबती परतले, नवे मिळाले: प्रिन्सच्या परिवारातील ‘द टाइम’ संघाचा गिटारवादक जेसी जॉन्सन, पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक मेळ्याच्या परंपरेतील गायिका आणि कवयित्री केंड्रा फॉस्टर, तालवादक ख्रिस डेव्ह. या मेळ्याचे नाव ‘व्हॅनगार्ड’.

तिसरा संग्रह २०१५ मध्ये यावयाचा होता. परंतु ऑगस्ट २०१४ मध्ये मिसूरीतील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. न्यूयॉर्कमध्ये गळ्याभोवती पोलिसाच्या हाताचा फास पडून एरिक गार्नर मरण पावला होता, आणि दोन्ही प्रकरणांत ज्यूरीने पोलिसांवर आरोप ठेवण्यास नकार दिला. शहराशहरांतून लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा, पंधरा वर्षे ज्याने कोणत्याही तगाद्याला भीक घातली नव्हती, त्या गायकाने स्वतः मुदत अलीकडे ओढली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी ‘ब्लॅक मसाया’ प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर त्याचा देह नाही, मुखही नाही. वर उचललेल्या असंख्य हातांचा समुदाय आहे. संग्रह ‘डी'अँजेलो आणि व्हॅनगार्ड’ या जोडनावाने निघाला. सोबतच्या निवेदनात त्याने स्पष्ट केले की शीर्षकातील तारणहार म्हणजे तो स्वतः नव्हे किंवा कोणी एक तेजस्वी पुढारीही नव्हे. फर्ग्युसनमध्ये, इजिप्तमध्ये, वॉल स्ट्रीटवर जेथे जेथे माणसे अन्यायाविरुद्ध उभी राहतात, तेथे ती सर्व माणसे त्या नावाची धनी आहेत. संग्रहाच्या पहिल्या आठवड्यात १ लक्ष १७ हजार प्रती खपल्या, २०१६ मध्ये दोन ग्रॅमी पारितोषिके लाभली. पण या आकड्यांहून ते निवेदन मला अधिक मोलाचे वाटते. रिचमंडच्या प्रार्थनासभेत जे तो न बोलता शिकला होता, ते येथे त्याने प्रथमच लेखी मांडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये, जेथे किशोरवयात जिंकला होता त्याच अपोलो नाट्यगृहात, या वेळी मेळ्याच्या मध्यभागी उभा राहून, त्याने हा संग्रह लोकांपुढे गायला.

त्यानंतर चौथा संग्रह आला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने, वयाच्या ५१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. रॉय हारग्रोव्ह २०१८ मध्येच गेला होता. अँजी स्टोन २०२५ च्याच मार्चमध्ये अपघातात दगावली होती.

एकोणीस वर्षांत केवळ तीन संग्रह, एवढ्यावर त्याच्या कारकीर्दीचा जमाखर्च मांडून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आणि प्रतिभेचा अपव्यय झाल्याचा निवाडाही दिला. या निवाड्याशी मी सहमत नाही. त्याने जी कष्टाची वर्षे काढली त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती टळली असती तर बरे झाले असते, आणि त्या पतनाचा दोष सर्वस्वी इतरांच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. पण त्या तीन संग्रहांतून जे पेरले गेले त्याचे पीक आजही निघत आहे. मागे रेललेला तो ठेका आता जाझच्या तरुण वादकांच्या हाती आहे, हिपहॉपच्या मुद्रणशाळांत आहे, टोकियोपासून लंडनपर्यंत ज्यांनी रिचमंड नकाशावरही पाहिले नाही अशांच्या बोटांत आहे. परंपरा जिवंत ठेवायची तर तिला अध्वर्यू पुरत नाही, एकमेकांना कान देणारी माणसे लागतात, हे त्याने सिद्ध करून दाखवले, आणि त्या माणसांना डावलून केवळ अध्वर्यूची मूर्ती पूजली तर काय घडते याचीही साक्ष त्याच्या आयुष्याने दिली. निओ सोलचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने गायकांच्या नामावळीपासून आरंभ करू नये. इलेक्ट्रिक लेडीच्या दालनात रात्री कोण कोण बसत होते, तेथून करावा.